वरून घुसलेलं गाव

पंचशीला मॅडमना राग येत नसे, तो त्यांच्याकडे कायमचा मुक्कामालाच होता. सकाळी त्या क्लासचं शटर वर करायच्या तेव्हा आधी शटर कडाडलं की मॅडम, हे खालच्या झेरॉक्सवाल्याला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. नवरा मारोती नांदेडला बँकेत. दर रविवारी लातूरला यायचा, पण जिना चढण्याआधी खालूनच फोन करून "हवा कशी हाय?" असं विचारायचा. वरून उत्तर आलं नाही की तो समोरच्या टपरीवर एक चहा घेई. दुसऱ्या चहानंतरही उत्तर आलं नाही की तो निमूटपणे वर जाई, कारण तिसरा चहा त्याला सोसत नसे.

लातुरात क्लासना तोटा नाही. डॉक्टर करणाऱ्या क्लासच्या इमारतीच्या इमारती आहेत आणि त्यांच्या भिंतींवर गुणवंत पोरांचे चेहरे हसत असतात. पंचशीला मॅडमचा क्लास तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या टाकीखाली. तिथे सी भाषा शिकवली जाई. भिंतीवर कुणाचाच फोटो नव्हता, आणि असता तर तो हसला नसता.

टेबलावर मात्र स्टीलच्या पेल्यांची एक रांग कायम मांडलेली असायची. नव्या पोराला वाटायचं, पाहुणे येणार आहेत. मग मॅडम प्रत्येक पेल्यात एकेका पोराच्या नावाची चिठ्ठी टाकायच्या आणि म्हणायच्या, "ही मेमरी. हे पेले म्हणजे तिच्या जागा. आता मला पहिल्या पेल्यात नवीन नाव घालायचंय. सगळ्यांना एकेक घर मागं सरकवा. पण चिठ्ठी उचलायची नाही. मशीन उचलत नसतं, बघून पुढच्या घरात नक्कल लिहितं. जुनं असेल ते पुसून."

पोरगं उत्साहानं पुढून सुरुवात करायचं. पहिल्याचं नाव दुसऱ्यात लिहिलं, दुसऱ्यातलं पुसलं गेलं. मग दुसऱ्यातलं तिसऱ्यात लिहायला जावं, तर दुसऱ्यात आता पहिलाच बसलेला. तोच तिसऱ्यात, तोच चौथ्यात. शेवटी सगळ्या पेल्यांत एकच नाव आणि बाकीचे सगळे बेपत्ता.

"वर्ग मारलास," मॅडम म्हणायच्या. "एकाला सोडून सगळा वर्ग मारलास. ह्याला मेमकॉपी म्हणतात. ती आंधळी हाय. इथून घे, तिथं लिही, एवढंच तिला कळतं. घेण्याची जागा आन लिहिण्याची जागा एकमेकीवर चढल्यात का, हे ती बघत नाही. मेममूव्ह बघती. चढल्या असतील तर ती शेवटाकडून सुरुवात करती. शेवटच्याला आधी मागं सरकव, मग त्याच्या पुढच्याला. सगळे जिवंत राहतात."

हे शहाणपण त्यांना पुस्तकात मिळालं नव्हतं. त्यांचं माहेर तळेवाडी. तिथं तळं कधीच नव्हतं, नाव कुणी ठेवलं हा गावाचा जुना विनोद. लहानपणी दुष्काळात टँकर आला की आई सरजाबाई रांगेत घागर ठेवून मजुरीला जायची आणि पंचशीला त्या घागरीजवळ राखणीला बसायची. वरच्या आळीतली एखादी बाई यायची, "सरक गं पोरी" म्हणून आपला हंडा पुढं घालायची, आणि सरकायचं कुणी, तर मागच्यांनी. हंड्यामागून हंडे यायचे. बौद्धवाड्यातली घागर सरकत सरकत इतकी मागं जायची की तिथवर टँकरचा तळच लागायचा. तेव्हापासून मॅडमना पुढं घुसणारा माणूस दिसला की अंगाचा भडका उडायचा, मग तो एसटीच्या दाराशी असो की लग्नाच्या पंगतीत.

मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या वर्षी सिद्रामप्पा जिना चढून त्यांच्याकडे आले. सिद्रामप्पांचं दिव्यांच्या फलकांचं दुकान होतं. मंगल कार्यालयाचं 'शुभविवाह', दवाखान्याचे नंबर आणि उपाहारगृहांचं 'गरम' हे सगळं त्यांच्याकडेच तयार व्हायचं. 'गरम'मधला 'ग' आठवड्याभरात विझतो अशी त्यांची ख्याती होती, पण माणूस गोड. आता त्यांना एका टँकरच्या ठेकेदाराचं काम मिळालं होतं. तालुक्याच्या विहिरीवर टँकर भरले जात. तिथे फलक लावायचा. त्यावर गावांचा क्रम. ज्याचं नाव वर, त्याचा टँकर आधी. टँकर सुटला की नावापुढे हिरवी टिकली पेटायची आणि नाव संध्याकाळपर्यंत तसंच राहायचं, म्हणजे भांडण नको.

"भांडण नको म्हणून फलक," सिद्रामप्पा म्हणाले, "आन त्याचा प्रोग्रॅम करायला मी तुमच्याकडं आलोय. बघा माझी हिंमत."

मॅडमनी काम घेतलं. रांगेचं काम होतं, त्या नाही म्हणूच शकल्या नसत्या. शेवटच्या दिवशी सिद्रामप्पा म्हणाले, "ताई, एक बटण वर घालायचं पण पाहिजे. दवाखान्याला अचानक पाणी लागलं तर त्याचं नाव एकदम वर."

"दवाखाना ठीक. पण ते बटण दुसऱ्या कुणी दाबलं तर?"

"कोण दाबतंय ओ. श्रीमंत हाय तिथं, ठेकेदाराचा माणूस. गरीब हाय बिचारा."

त्यांना आणखी एक हौस होती. फलक रिकामा असेल तेव्हा सगळीकडे त्यांच्या दुकानाचं नाव झळकावं. मॅडम म्हणाल्या, "मेमसेटनं भरता येतं, पण तिच्या हातात एकच दाणा, म्हणजे एकच अक्षर मावतं. तोच दाणा सगळ्या घरांत. आख्खं नाव नाही."

"मग नुसता 'सि' भरा की सगळीकडं."

"लोक शिट्टी वाजली समजतील."

शेवटी चांदण्यांवर तडजोड झाली. आणि ह्या सगळ्या घाईत, सिद्रामप्पा शेजारी बसून "झालं का ताई, झालं का" करत असताना, मॅडमनी वर घालायच्या बटणाखाली मेममूव्ह लिहायच्या जागी मेमकॉपी लिहिलं. ज्यासाठी पोरांच्या बोटांवर पट्टी मारली, तीच चूक. दुकानातल्या संगणकावर तपासलं तेव्हा ते बरोबर चाललं, कारण त्या संगणकातली मेमकॉपी तिच्या मर्जीनं शेवटाकडून लिहायची. फलकातल्या स्वस्त चिपची पुढून लिहायची. मेमकॉपीनं कुठून सुरुवात करावी असं तिला कुणी बांधून घातलेलं नाही. हा भेद मॅडम दर वर्षी वर्गात सांगायच्या, आवाज चढवून.

फलक बरेच दिवस छान चालला. दवाखान्यानं कधी पाणी मागितलं नाही.

मग एका दुपारी सिद्रामप्पा पुन्हा जिना चढून आले, ह्या वेळी घाम पुसत. "ताई, घात झाला. फलकावर सगळीकडं तळेवाडी."

"म्हणजे?"

"म्हणजे तळेवाडी, तळेवाडी, तळेवाडी. ड्रायव्हर फलक बघून जातात. लागोपाठ टँकर तिकडंच. तळेवाडीचे लोक आता बैल धुवून राहिलेत म्हणे. आन बाकीच्या गावांचे लोक विहिरीवर जमलेत. त्यांना कळलंय की प्रोग्रॅम कुणी केला, आन तिचं माहेर कुठलं."

मॅडमनी आवाज चढवला नाही. हे इतकं अघटित होतं की वर्गातली पोरं वह्या मिटून बसली.

"काय म्हणतात?"

सिद्रामप्पांनी खिडकीबाहेर पाहिलं. "म्हणतात, बाईनं आपलं घर भरलं. आनखी पण म्हणतात. ह्यांना शिकवलं की असंच, वगैरे. मी नाही म्हणत, ते म्हणतात."

"तुम्ही काय म्हणालात मग?"

"मी म्हणलं, मॅडम येऊन माफी मागतील. हात जोडायचे, व्हायरस होता म्हणायचं, दोन मिनिटाचं काम. नाहीतर ठेकेदार माझा फलक काढतोय, आन तुमच्या नावाचं पोलिसात देतोय."

मॅडमनी फोन मागितला. श्रीमंत रोज सकाळी फलक लावला की त्याचा फोटो सिद्रामप्पांना पाठवायचा. सकाळचा फोटो होता आणि दुपारचाही. सिद्रामप्पा दुपारच्या फोटोतल्या तळेवाड्या बोटानं मोजायला लागले. मॅडमनी मोजल्या नाहीत. दोन तुकडे समोर आले की मेमकंपेअर काय करते हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. वरून सुरू करायचं, घरामागून घर ताडायचं, आणि पहिला फरक सापडला की थांबायचं. पुढं कितीही गोंधळ असो, तिकडे बघायचंही नाही.

त्यांनी वरून सुरुवात केली आणि पहिल्याच घरात थांबल्या.

सकाळी पहिल्या जागी तळेवाडी होती. दुपारी पहिल्या जागी हिप्पळवाडी होती, टिकलीसकट. तिच्याखाली शेवटापर्यंत तळेवाडी.

आधी त्यांना चूक कळली. आपलीच. हातातला खडू मोडून त्यांनी तो कुणालाही न मारता टेबलावर ठेवला. मग दुसरी गोष्ट कळली, आणि तेव्हा मात्र त्यांचा चेहरा असा झाला की सिद्रामप्पा दोन पावलं मागं सरकले.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या.

"माफी मागायला ना?"

"गाडी काढा म्हणलं ना अप्पा."

विहिरीवर जत्रा होती. फलकाखाली रिकामे टँकर आडवेतिडवे उभे, आणि एका टँकरच्या पायरीवर अमृतराव. अमृतराव म्हणजे नवा जिल्हा कृती समितीचे अध्यक्ष. लातूर जिल्हा फोडून नवा जिल्हा होणार ही बातमी दर झेंडावंदनाला यायची. समिती टीव्हीसमोर बसून घोषणेची वाट बघायची, घोषणा झाली नाही की निषेध करायची, आणि मग जेवायची. निषेध कधी चुकला असेल, जेवण कधीच नाही.

"हा जुन्या जिल्ह्याचा कारभार हाय," अमृतराव सांगत होते. "लातूरची बाई, लातूरचा फलक. नवा जिल्हा होऊ द्या, आपला फलक आपण लावू. ह्या बाईची चौकशी झाली पाहिजे."

"चौकशी कशाला, ही काय आलीच," गर्दीतून एक बाई पुढं आली. ती लिंबाळवाडीची चतुराबाई. तिच्या गावाचं नाव सकाळी सगळ्यात खाली होतं आणि दुपारी कुठंच नव्हतं. "काय गं ए मॅडम. आईची न्हाणी भरली का? का अजून एक टँकर धाडायचा, धुणं राहिलं आसंल?"

"माझी आई शेवटी भरती पाणी," पंचशीला मॅडम म्हणाल्या. "टँकर वरच्या आळीच्या आडात रिकामा होतो. आज चार आले काय आन चाळीस आले काय, तिचा नंबर शेवटीच. जाऊन बघून या, मग माझ्याशी बोला."

चतुराबाईनं कमरेवरचे हात खाली घेतले.

"आता ऐका. चूक माझी हाय."

सिद्रामप्पांनी मागं डोळे मिटले. अमृतराव पायरीवरून म्हणाले, "बघा. कबूल केलं."

"चूक माझी हाय," मॅडम पुन्हा म्हणाल्या, वर्गात म्हणतात तशा, शेवटच्या बाकापर्यंत. "आन ती चूक कधी होती ते तुम्हाला दाखवते. श्रीमंतभाऊ, सकाळचा क्रम लावा."

श्रीमंत विहिरीकाठच्या आपल्या झोपडीतून बाहेर यायला तयार नव्हता. त्याला बाहेर काढावं लागलं नाही, कारण बटणांची पेटी झोपडीतच होती. फलक विझला, पुन्हा उजळला. तळेवाडी, मग एकेक गाव, तळाशी लिंबाळवाडी. लोक जरा शांत झाले. आपलं नाव दिसलं की माणूस निम्मा शांत होतो.

"आता खाली एक नाव वाढवा. कुठलंही."

खाली एक नाव वाढलं. वरची सगळी जागच्या जागी.

"आता मधलं एक काढा."

मधलं गेलं, खालची सरकून वर आली. एकही हरवलं नाही.

"आता वर घालायचं बटण. कुठलं गाव घालू?"

"आमचं घाल की," चतुराबाई म्हणाली आणि लोक हसले. फार दिवसांनी त्या विहिरीवर कुणी हसलं असेल.

श्रीमंतनं बटण दाबलं. लिंबाळवाडी एकदम वर गेली, आणि तिच्याखाली डोळ्यांदेखत तळेवाडी, तळेवाडी, तळेवाडी, पार तळापर्यंत.

हसू थांबलं.

"सगळ्यात पुढं कुणी घुसलं की हे होतं," मॅडम म्हणाल्या. "एरवी होत नाही. पुढं जागा करायची तर शेवटाकडून सरकवायला पाहिजे, मी पुढून सरकवलं, म्हणून पहिल्या नंबरचं गाव सगळ्यांवर लिहिलं गेलं. पहिल्या नंबरला तळेवाडी होती. तुमची आसती तर तुमचं लिहिलं असतं. ही माझी चूक. मी ती वीस पोरांसमोर पण कबूल करीन. पण बटण मी दाबलं नाही. मी लातुरात होते. दुपारी ह्या फलकावर सगळ्यात वर कोण होतं, ते तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तुम्ही खालच्या तळेवाड्या मोजत बसलात. वर कुणी बघितलंच नाही."

कुणीतरी म्हणालं, "हिप्पळवाडी होती की."

हिप्पळवाडी अमृतरावांची. ते सांगावं लागलं नाही. सगळी तोंडं पायरीकडे वळली. अमृतराव एक पायरी खाली उतरले, मग जमीन लागली.

"श्रीमंत," चतुराबाई झोपडीकडे बघत म्हणाली, "तुझ्या बोटाला खाज सुटली व्हती का रं?"

आतून आवाज आला, "मला फोन आला मावशी. साहेब म्हणले, समितीचे पाहुणे जेवायला हायत, भांड्यांला पाणी न्हाई. दवाखान्याचं बटण हाय म्हणलं मी. तर म्हणले, नवा जिल्हा झाला की दवाखाना पण आपलाच हाय."

"हे बघा, कार्य सार्वजनिक होतं," अमृतराव म्हणाले.

"जेवण बी सार्वजनिक ठिवायचं की मग," चतुराबाई म्हणाली. "आम्हाला आवतान न्हाई आलं."

पुढची दहा-पंधरा मिनिटं अमृतरावांनी त्या विहिरीवर काय काय ऐकलं ते छापण्यासारखं नाही. नव्या जिल्ह्याचा विषय त्यात एकदाच आला, तो कुठं घालायचा ह्या संदर्भात.

पंचशीला मॅडम मात्र ते ऐकायला थांबल्या नव्हत्या. त्या फलकाच्या पेटीला तार जोडून मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. बदलायचा होता एकच शब्द. चतुराबाई येऊन शेजारी उकिडवी बसली. माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिनं तंबाखूची चंची पुढं केली. मॅडमनी मान हलवली.

"काय करून राहिलीस?"

"चूक दुरुस्त करते."

"मंग आता कुणी वर घुसलं तर?"

"तर बाकीची गावं नीट एकेक घर खाली सरकतील. कुणाचं नाव जाणार नाही."

चतुराबाईनं थोडा विचार केला. "म्हंजे कळणार बी न्हाई, की."

मॅडमचा हात थांबला.

"आज कळलं ते का कळलं? सगळं बोंबललं म्हणून. तू नीट केलंस की हे मुकाट्यानं घुसत्याल आन आम्ही मुकाट्यानं सरकू. राहू दे बाई तुझी चूक. लई गुणाची हाय."

"चूक ती चूक मावशी. मी नाही ठेवणार," मॅडम एवढ्या चिडून म्हणाल्या की चतुराबाईनं चंची आत घेतली. पण त्या तशाच बसून राहिल्या, पडद्याकडे बघत. बाई बरोबर बोलत होती, आणि राग त्याचाच होता. आपण रांग शाबूत ठेवायला शिकलो, शिकवलं, आणि घुसणाऱ्याला शाबूत रांग फारच सोयीची असते हे कुणी शिकवलं नाही.

मग त्यांनी मेमकॉपी खोडून मेममूव्ह लिहिलं. आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ घातली. वर घातलेल्या गावाच्या नावाच्या दोन्ही बाजूंना मेमसेटनं चांदण्या भरायच्या, लाल, उघडझाप करणाऱ्या, आणि संध्याकाळी फलक विझेपर्यंत त्या कुठल्याच बटणानं जाता कामा नयेत.

सिद्रामप्पांनी ते परतताना गाडीत ऐकलं. "ताई, त्या चांदण्या माझ्या दुकानासाठी होत्या."

"दुकानाचं नाव वर घाला. आपोआप लागतील."

त्यानंतर दोनदा चांदण्या लागल्या, दोन्ही वेळा दवाखान्याला, आणि दोन्ही वेळा लोकांनी दवाखान्यात जाऊन बघून खात्री केली. हिप्पळवाडीला कधी लागल्या नाहीत. अमृतराव म्हणत, नव्या जिल्ह्यात फलकाची पद्धतच बदलू.

मॅडमचा राग मात्र उतरला नाही. रविवारी मारोती लातुरात आला, तर क्लासला कुलूप. मॅडम सकाळच्या एसटीनं तळेवाडीला गेल्या होत्या. टँकर वरच्या आळीच्या आडाशी लागला तेव्हा सरजाबाईची घागर रांगेत तिसरी होती, कारण ती पहाटेच ठेवली होती, आणि घागरीजवळ मॅडम उभ्या होत्या, कॉटनची साडी, खांद्याला पर्स, वर्गात उभ्या राहतात तशा.

एक बाई हंडा घेऊन आली आणि सवयीनं म्हणाली, "सरक गं जरा."

"सरकायचं शेवटाकडून असतं," मॅडम म्हणाल्या.

"म्हंजे?"

"म्हणजे शेवटाला जाऊन उभ्या राहा."

बाईनं मॅडमकडे बघितलं, पर्सकडे बघितलं, काहीतरी पुटपुटली आणि खरंच मागं गेली. मागून आणखी दोघी आल्या होत्या, त्याही वळल्या. सरजाबाई लेकीचा पदर ओढत होती. "कशाला भांडतीस गं. तू जाशील निघून, हितं मला राहायचंय."

पण नंबर आला तशी तिनं घागर भरली. भरून डोक्यावर घेतली. आडापासून बौद्धवाड्यापर्यंत दोघी चालत गेल्या. मॅडमच्या डोक्यात अजून ठणकत होतं. गावांच्या क्रमाचा फलक आहे, गावाच्या आतल्या क्रमाचा फलक कोण लावणार, आणि तो लावला तर बटणांची पेटी कुणाच्या झोपडीत असणार.

घरापुढं सरजाबाईनं घागर उतरवली, कपाळावरचं पाणी पदरानं टिपलं, आणि लेकीकडे न बघता विचारलं, "पुढच्या आइतवारी येतीस का?"